आपल्या वाट्याचं तेवढं

जुम्म्याची नमाज सुटली की मशिदीच्या पायरीवर चपला शोधता शोधता कुणीतरी एखाद्या तरण्या पोराला हमखास सांगत असतो, ‘पाच वक्त नमाज पढ, सगळं टेन्शन निघून जाईल.’ पोरगा मान डोलावतो. त्याच्या डोक्यावर रिक्षाच्या कर्जाचे हप्ते असतात, नाहीतर कतारचा व्हिसा अडकलेला असतो, नाहीतर घरी आई आणि बायको दोघींच्या मध्ये तो सापडलेला असतो. नमाज पढून हप्ता काही कमी होत नाही. महिना-दोन महिन्यांनी पोरगा मशिदीत दिसेनासा होतो आणि सांगणारा म्हणतो, हल्लीच्या पोरांचा ईमानच कच्चा.

मला यात पोराचा दोष दिसत नाही. दीनने जे कधी कबूलच केलं नव्हतं, ते त्याला कुणीतरी परस्पर कबूल करून बसलं होतं.

माझं वय आता साठीच्या पुढे आहे. चिपळुणात हार्डवेअरचं दुकान आहे आणि त्याआधीची बरीच वर्षं सौदीत एका कंपनीच्या स्टोअरमध्ये गेली. नमाज-रोज्याची सवय लहानपणापासून आहे. आलीम मी नाही, अरबी वाचता येते तेवढीच. पण इतक्या वर्षांनी एवढं मात्र सांगू शकतो की नमाजने माझं टेन्शन गेलं नाही. दुकानात मी ओळंबे विकतो. ओळंबा भिंत बांधत नाही आणि वाकडी भिंत सरळही करत नाही. ती किती कलली आहे एवढंच गवंड्याला दाखवतो. फजर, जोहर, असर, मगरीब, इशा. दिवसातून पाच वेळा मला माझी भिंत कळते, आणि दर वेळी बरं वाटतंच असं नाही. असरच्या नमाजात उभं राहिल्यावर सकाळी गिऱ्हाइकावर उगाच खेकसलेलं आठवतं. फर्ज रकाती दिवसाच्या सतरा, त्या प्रत्येकीत तीच फातेहा. जीभ आपोआप चालते आणि मन मात्र सिमेंटच्या गोणीच्या भावात असतं. तरीही काही मिळतं. ते काय, हे सांगायला मला सौदीतल्या दमामलाच जावं लागेल.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आम्ही एका खोलीत सहा जण, दोन मजली लोखंडी खाटा, खिडकीत घरघरणारा एसी. गावाकडे फोन म्हणजे शेजाऱ्याच्या घरचा. एका सकाळी कामावर निरोप आला की पहाटे अब्बा गेले. तो निरोप माझ्यापर्यंत पोहोचला तेव्हा गावात कबर खोदायला घेतली होती. आमच्यात मय्यत ठेवत नाहीत, होईल तितक्या लवकर दफन करतात. माझा पासपोर्ट कंपनीच्या ताब्यात, एक्झिट-रीएंट्रीचा कागद व्हायलाच काही दिवस लागायचे, आणि निघालो असतो तरी मातीला पोहोचलो नसतो. ऑफिसातल्या माणसाने, वाईट नव्हता तो, माझ्यासमोर चहा ठेवला आणि म्हणाला, आज काम करू नकोस. पण काम नाही म्हटल्यावर मी करायचं तरी काय? रडायलाही माणसाला जागा लागते. सहा माणसांच्या खोलीत ती कुठली?

संध्याकाळी खोलीतला मलबारी दोस्त म्हणाला, आपण गायबाना पढू. समोर मय्यत नसताना पढायची जनाज्याची नमाज ती. कोकणातले मुसलमान शाफई मजहबाचे, मलबारचेही शाफई, आणि शाफई मजहबात ही नमाज जायज आहे. हनफी मजहबात ती मानत नाहीत. आमच्या खोलीत आझमगडचा एक जण होता, पक्का हनफी. फिकहच्या बारीकसारीक मुद्द्यांवर जेवताना वाद घालणारा. मला वाटलं, तो बाहेर जाईल. इशानंतर आम्ही खाटा भिंतीला लावल्या, तीन सफा म्हणजे रांगा केल्या. जनाज्याच्या नमाजात तीन सफा असाव्यात असं आमच्याकडे मानतात, मग माणसं थोडी का असेनात. आझमगडवाला वजू करून आला आणि काही न बोलता शेवटच्या सफेत उभा राहिला. त्यावर तो नंतर कधी बोलला नाही, मीही विचारलं नाही.

जनाज्याच्या नमाजात रुकू नाही, सजदा नाही. नुसतं उभं राहायचं. चार तकबिरी. पहिलीनंतर फातेहा, दुसरीनंतर दरूद, तिसरीनंतर मय्यतीसाठी दुआ, चौथीनंतर थोडं थांबून सलाम. सगळी मिळून पाच मिनिटंसुद्धा लागत नाहीत. खोलीला कांद्याचा आणि ओल्या टॉवेलांचा वास होता, बाजूच्या खोलीत कुणाचा तरी टेपरेकॉर्डर चालू होता. तिसऱ्या तकबिरीनंतर दुआ म्हणताना माझा आवाज फुटला. सलाम फिरवल्यावर सगळ्यांनी गळामिठी घातली, आणि मलबारी दोस्ताने मला जबरदस्तीने भात खायला लावला.

दुःख कमी झालं का? नाही. पुढचे कितीतरी महिने जेवणाला चव नव्हती. पण सकाळपासून ज्या हातांना काहीच करता येत नव्हतं, त्यांना एक काम मिळालं होतं. मुलाने बापासाठी जे करायचं, त्यातलं माझ्या आवाक्यातलं तेवढं मी केलं होतं. मातीला हजर राहणं माझ्या हातात नव्हतं. नमाज होती. ही एक रेघ त्या रात्री माझ्या मनात उमटली आणि पुढे आयुष्यभर ती कामी येत राहिली. ईमानातून जो सुकून मिळतो म्हणतात, त्यातला माझ्या वाट्याला आलेला मोठा भाग या रेघेचा आहे.

सांत्वनाला येणाऱ्या काही मंडळींचा मला अजून राग येतो. ‘सब्र करो, रोना नहीं, मोमिन रोता नहीं,’ असं ते सांगतात. कुणी सांगितलं यांना? रसूलुल्लाहंचा तान्हा मुलगा इब्राहीम दोन वर्षांचाही झाला नव्हता, तो गेला तेव्हा त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहिलं. बघणाऱ्यांना नवल वाटलं, तेव्हा त्यांनी सांगितलं की डोळे भरतात, काळीज दुखतं, पण रबला नापसंत असं काही आपण तोंडातून काढत नाही. ज्या वर्षी त्यांच्या पत्नी बीबी खदीजा गेल्या आणि चुलते अबू तालिबही गेले, इसवी सनाच्या हिशोबाने ६१९च्या सुमारास, त्या वर्षाला सीरतच्या किताबांत दुःखाचं वर्ष असंच नाव आहे. हजरत याकूब तर मुलाच्या विरहात रडून रडून डोळ्यांनी अधू झाले, हे कुरआनातच आलं आहे. ते पैगंबर होते. त्यांचा ईमान कच्चा होता असं म्हणायची छाती कुणाची आहे? सब्र म्हणजे न रडणं असतं तर या गोष्टी आपल्यापर्यंत पोहोचल्याच नसत्या.

सौदीत असतानाच मी इमाम गझालींचं ‘कीमिया-ए-सआदत’ उर्दू तर्जुम्यात वाचलं. माझी शाळा उर्दू माध्यमाची, त्यामुळे अडचण आली नाही. सुट्टीवर येताना मुंबईत महंमद अली रोडवरून घेतलेली प्रत होती, कागद पिवळट, बांधणी कच्ची. किताब सुखाच्या किमयेवर आहे. पण मला त्याहून जास्त ओढ लागली ती लिहिणाऱ्याच्या आयुष्याची. गझाली १०५८ साली इराणातल्या तूसमध्ये जन्मले. १०९१ मध्ये, तिशी नुकतीच ओलांडलेली असताना, बगदादच्या निजामिया मदरशात त्यांची नेमणूक झाली. त्या काळच्या इस्लामी जगात यापेक्षा मोठी गादी नव्हती. त्यांच्या दर्सला तीनशे विद्यार्थी बसत. आणि १०९५ साली एक दिवस त्यांची जीभ चालेना. शिकवायला बसायचे आणि शब्द फुटायचा नाही. घास गिळवेना, अंगातली ताकद गेली. हकिमांनी हात टेकले, हे दुखणं मनातून शरीरात उतरलं आहे म्हणाले.

हे सगळं गझालींनी आपल्या आत्मकथनात स्वतःच लिहून ठेवलं आहे, काही न लपवता. आपण शिकवतो ते अल्लाहसाठी नव्हे, नाव आणि मान यांच्या ओढीने, हे त्यांना कळून चुकलं होतं. सहा महिने पाय आत-बाहेर होत राहिले. एका सकाळी निघायचा इरादा पक्का व्हायचा, संध्याकाळपर्यंत तो विरघळायचा. शेवटी बायकामुलांच्या पोटापुरतं ठेवून बाकीचं वाटून टाकलं, मक्केला जातो असं जाहीर केलं आणि शामची, म्हणजे सीरियाची, वाट धरली. दमास्कसच्या मोठ्या मशिदीच्या मिनारात दिवस दिवस एकांतात बसले. तिथून जेरुसलेम, पुढे हज.

इथे गोष्ट संपवली की छान वाज होतो. मौलाना लोक बहुतेक इथेच संपवतात. पण गझाली पुढेही लिहितात. मुलांची ओढ आणि घरच्या विनवण्या यांनी त्यांना परत आणलं. वतनात राहूनही त्यांनी एकांत जपायचा प्रयत्न केला, पण संसाराची कामं आणि रोजीरोटीची विवंचना मध्ये यायची. मनाची ती निर्मळ अवस्था सलग मिळाली नाही, अधूनमधून मिळायची. तरी त्यांनी उमेद सोडली नाही. अकराएक वर्षांनी, ११०६ मध्ये, ते निशापूरला पुन्हा शिकवायला बसले आणि ११११ साली तूसमध्येच वारले. ‘अधूनमधून’ हे वाचलं तेव्हा मी खाटेवर उठून बसलो. हुज्जतुल इस्लाम म्हणून ज्यांना जग ओळखतं, त्यांना जर अधूनमधून मिळत असेल, तर स्टोअरमध्ये नटबोल्ट मोजणाऱ्याने रोज मिळत नाही म्हणून रडायचं कशाला?

ईमानातून बेचैनीसुद्धा वाढू शकते, हेही सांगायला हवं. आमची फुफू, म्हणजे आत्या, फार नमाजी. वजूला बसली की उठायची नाही. कोपर भिजलं की नाही, टाच कोरडी राहिली की काय, परत धुवायचं. पावसाळ्यातही तिच्या बोटांच्या बेचक्या फुटलेल्या असायच्या. नमाजात उभी राहायची आणि निय्यत नीट झाली नाही म्हणून सोडून द्यायची, पुन्हा बांधायची. घरातले म्हणायचे, किती तकवा आहे हिचा! तकवा नव्हता तो, आजार होता. आमच्या किताबांत त्याला वसवसा म्हणतात, आणि त्याच्यावर फिकहमध्येच इलाज सांगितलेला आहे, हे मला फार उशिरा कळलं.

त्या वेळचे पेशइमाम शहाणे होते. त्यांनी फुफूला बसवून सांगितलं की शरीअतचा एक पायाच असा आहे, खात्रीची गोष्ट शंकेने मोडत नाही. वजू केला हे पक्कं माहीत आहे आणि मोडला की काय अशी नुसती शंका आली, तर वजू आहे. नमाजात तीन रकाती झाल्या की चार हे आठवेना, तर तीन धरायच्या, एक पुरी करायची, शेवटी भुलीचे दोन सजदे द्यायचे आणि उठायचं. परत पढायची नाही. प्रत्येक अंग तीनदा धुवायचं, चौथ्यांदा नाही. वाहत्या नदीवर बसलात तरी वजूत पाणी उधळू नये अशी रिवायत आहे, हेही त्यांनी सांगितलं. फुफूने विचारलं, ‘आनी कबूल झाला नाय तर?’ इमामसाहेब म्हणाले, ‘कबूल करणं तुमच्याकडे दिलेलंच नाही. तुमच्याकडे तीनदा धुणं दिलंय.’

फुफू त्या एका बैठकीने बरी झाली नाही. पुढे डॉक्टरांच्या गोळ्या सुरू झाल्या आणि त्यांनी पुष्कळ फरक पडला. इमामसाहेबांनाही त्यात काही वावगं वाटलं नाही, आणि वाटायचं कारणही नव्हतं. अबू झैद अल-बल्खी नावाचा विद्वान ९३४ साली वारला. त्याने शरीर आणि मन या दोन्हींच्या आरोग्यावर एकच किताब लिहिला आणि मनाच्या भागात राग, भीती, उदासी आणि वसवसा यांचा वेगवेगळा विचार केला. अंग दुखलं तर लागेल म्हणून आपण घरात औषध ठेवतो, तसे बऱ्या दिवसांत चांगले विचार साठवून ठेवावेत, म्हणजे मन बिघडलं की हाताशी असतील, असा त्याचा सल्ला आहे. हजार वर्षांपूर्वी आपल्यातल्याच एका माणसाला जे उमगलं होतं, ते आज ‘डॉक्टरकडे कशाला, कुरआन पढ’ म्हणणाऱ्यांना उमगत नाही. कुरआन पढावं, डॉक्टरकडेही जावं. तब्येतीच्या बाबतीत मी याच्यापुढे कुणाचं ऐकत नाही.

२०२१ साली बकरी ईद २१ जुलैला होती. दुसऱ्या दिवशी पहाटे वाशिष्ठी नदी शहरात शिरली. बाजारपेठेत राहणाऱ्यांनी ते पाणी बघितलं आहे, त्याचं वर्णन मी करत बसत नाही. माझं दुकान गेलं. २००५च्या पुरात पाणी जिथवर आलं होतं, त्या खुणेच्या वर मी माळा घातला होता. या वेळी पाणी माळ्यावर गेलं. चार दिवसांनी शटर उघडलं तेव्हा सिमेंटच्या गोणींचे दगड झाले होते, रंगाचे डबे चिखलात रुतले होते, खिळ्यांची खोकी गंजून एकमेकांना चिकटली होती. आजूबाजूला सगळ्यांचीच ती गत. साताऱ्या-सांगलीकडून, मुंबईकडून पोरं आली, फावडी घेऊन चिखल उपसत होती. कोण कुठल्या जातीचा कुठल्या धर्माचा, चिखलात कळायला मार्ग नव्हता.

तेव्हा एक जण मला म्हणाला, ‘भाई, तकदीर. अल्लाहची मर्जी.’ खरं आहे. पण हे वाक्य पहिल्यांदा म्हणायचं की शेवटी, यावर सगळं अवलंबून असतं. हजरत उमर खलिफा असताना शामकडे निघाले होते. वाटेत सर्गला कळलं की पुढे प्लेगची साथ आहे. सल्लामसलत करून त्यांनी मागे फिरायचं ठरवलं. शामचे सेनापती अबू उबैदा यांनी विचारलं, अल्लाहच्या तकदीरपासून पळता? उमर म्हणाले, हो, अल्लाहच्या एका तकदीरकडून दुसऱ्या तकदीरकडे. पुढे त्याच साथीत अबू उबैदा वारले. २०२०च्या रमजानमध्ये, मशिदीला कुलूप लावून आम्ही घराच्या गच्चीवर तरावीह पढत होतो तेव्हा, ही गोष्ट मला रोज आठवायची. तकदीर मानायची ती हातपाय हलवून झाल्यावर.

म्हणून मी पंचनाम्याच्या रांगेत उभा राहिलो, विम्यासाठी हेलपाटे घातले, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये वाशिष्ठीतला गाळ काढा म्हणून शहरातले लोक साखळी उपोषणाला बसले, तेव्हा मीही जाऊन बसलो. जोहरची बांग झाली की उठायचो, नमाज पढून परत येऊन बसायचो. शेजारी बसलेले एक निवृत्त गुरुजी माझी जागा सांभाळायचे. रात्री झोप लागायची का? लागायची. दुकान उभं राहील की नाही ते माहीत नव्हतं, पण दिवसभरात जे माझ्याने होण्यासारखं होतं ते झालेलं असायचं. उरलेलं मी इशानंतर दुआत सोपवून द्यायचो. दुआ मोठी नसायची. गोणी, खिळे, रंग यांची यादी अल्लाहला वाचून दाखवायची मला लाजही वाटायची नाही.

इथवर नुसता सुकूनच आला, सुखाचं काही सांगितलंच नाही. आमच्या दीनमध्ये सुख अगदी साधं आणि अंगाला लागणारं आहे. रोज्याचंच बघा. चांद्रमासामुळे रमजान दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो आणि ३३ वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. १९८६ साली रोजे ऐन मे महिन्यात आले होते. मी तरुण होतो, दुपारी विहिरीवर जाऊन डोक्यावर कळशी ओतून घ्यायचो. २०१९ मध्ये तेच रोजे पुन्हा मे महिन्यात आले. विहीर तीच होती, कळशी उचलणारा हात मात्र नातवाचा होता. मगरीबला पाच मिनिटं असताना मशिदीच्या ओसरीवर दस्तरखान पसरलेला, खजूर, कलिंगडाच्या फोडी, भजी, सरबत. सगळे गप्प. गावातला ज्याच्याशी तुमचं बांधावरून भांडण आहे तोही शेजारीच मांडी घालून बसलेला. बांग होते, खजूर तोंडात जातो, आणि पाण्याचा पहिला घोट घशातून उतरताना जे वाटतं, त्याला मी दुसरं नाव देऊ शकत नाही. रोजेदाराला दोन आनंद असतात, एक रोजा सोडताना आणि एक आपल्या रबला भेटताना, अशी हदीस आहे. दुसऱ्याबद्दल मी काय बोलणार? पहिला आनंद खरा आहे, एवढी माझी गवाही. भांडण मात्र ईद झाल्यावर पुन्हा सुरू होतं.

हे सगळं वाचून कुणी म्हणेल, म्हणजे ईमान नसलेल्याला शांती नाही असं तुम्हाला म्हणायचं आहे. नाही. चिपळूणला लागूनच मिरजोळी आहे, समाजसुधारक हमीद दलवाईंचं गाव. १९७० साली त्यांनी मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढलं. १९७७ मध्ये ते गेले, तेव्हा त्यांच्याच इच्छेनुसार धार्मिक विधी केले नाहीत. त्यांचं नाव काढलं की आमच्या बैठकीचा सूर अजूनही बदलतो. त्यांच्या कितीतरी मतांशी माझं जुळत नाही. पण आजारपणातही जो माणूस आपल्या मताला धरून राहतो आणि आपल्या मातीचा हिशोब आपणच ठरवतो, त्याला शांती नव्हती असं मी कुठल्या तोंडाने म्हणू? मला चार तकबिरी लागल्या. त्यांना लागल्या नाहीत. मला त्या लागल्या याची मला लाज नाही, आणि दुसऱ्या कुणावर त्या लादाव्यात असंही वाटत नाही. जबरदस्तीने पढवलेल्या नमाजातून सुकून मिळालेला माणूस मी तरी पाहिलेला नाही.

दर वर्षी रमजान लागायच्या आधी आमच्या घरी जकातीचा हिशोब होतो. साडेसात तोळे सोनं किंवा साडेबावन्न तोळे चांदी, यातला कुठला निसाब, म्हणजे जकात लागण्याची किमान मर्यादा, धरायचा यावर आधी वाद. चांदीचा धरला तर आम्ही नक्की बसतो, म्हणून चांदीचाच धरायचा, असं बायकोचं ठाम मत. मग बँकेतली शिल्लक, दुकानातला विकाऊ माल, उधारीत येणं असलेलं. देणं वजा करायचं आणि उरलेल्यावर अडीच टक्के. पूर आला त्यानंतरच्या वर्षी मी वही उघडलीच नाही. म्हटलं, यंदा आहे काय? बायकोने कपाटातून आपल्या बांगड्या काढून माझ्यापुढे ठेवल्या.

‘यांच्यावर नाही,’ मी म्हटलं. ‘आपल्या शाफई मजहबात बाईच्या रोजच्या वापरातल्या दागिन्यांवर जकात नाही. किताबात लिहिलंय.’

‘नाही म्हणजे माफ आहे. देऊ नये असं लिहिलंय का?’

‘तसं नाही लिहिलेलं.’

‘मग बोला. कितीचे होतात?’

मी सोनाराला फोन लावून त्या दिवसाचा भाव विचारला. आकडा सांगितला. तिने तो माझ्या तोंडून दोनदा वदवून घेतला आणि वर पन्नास रुपये चढवून म्हणाली, वजनात तुमची नेहमी चूक होते, हे धरून ठेवा.